परतीचा तास

सुमतीमावशींसमोर कुणी कसलीही बढाई मारली, की त्या एकच प्रश्न विचारायच्या. "वारा कुठून होता?"

समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, प्रमोशन मिळालं तेव्हा आम्ही पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्या पहिल्या मजल्यावर राहायच्या, आम्ही त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या. मावशींनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालं हो. वारा कुठून होता?" समीर माझ्याकडे बघायला लागला. मग त्यांनी समजावून सांगितलं. वारा पाठीशी असला की कुणीही जोरात पळतं. त्याच रस्त्यावरून उलट्या दिशेने, वारा तोंडावर घेऊन पळायचं आणि मग दोन्हींची सरासरी काढायची. तो खरा वेग. "तुझा बॉस तुझ्याच कॉलेजातला ना? मग आता दुसरा बॉस येऊ दे, तेव्हा बघू."

झालं! मी दीड तास आटवलेल्या पेढ्यांची चवच गेली. पुढे बॉस बदलला आणि समीरची अख्खी टीम बंद झाली. तेव्हा मात्र मावशी स्वतः वर आल्या, डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन, आणि वाऱ्याचं नावसुद्धा काढलं नाही.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या त्या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा मी इतकी दमले होते की मला माणूसच नको होता. ऑफिस, दोन पोरं, व्हिसाच्या अपॉइंटमेंटा, सोमवारचे कॉल. त्यात पहिल्याच आठवड्यात दारावर पाटी लटकलेली. केअरवोखं. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची. मी ती पाटी बघून अक्षरशः पायरीवर बसले. तेवढ्यात खालून आवाज आला, शुद्ध सदाशिव पेठी, "अगं, बसलीस काय? वरून खाली झाडत ये, खालून वर नव्हे." दारात एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या. अंगात फ्लीसचं जाकीट आणि गळ्यात नाडीला बांधलेलं एक जुनं स्टॉपवॉच. मंगळसूत्राच्या जागी स्टॉपवॉच घालणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

त्या घड्याळावर त्या सगळं मोजायच्या. कुकर, चहा, डीटरकाकांची अंघोळ. आणि कुठलंही अंतर सांगताना जाऊन-येऊन सांगायच्या. स्टेशन किती लांब विचारलं तर म्हणायच्या, "बावीस मिनिटं. परत येण्यासकट. नुसतं जाण्याचं कशाला सांगायचं? ते अर्धंच झालं."

दुसरी गोष्ट म्हणजे घड्या. तळघरातल्या सामाईक खोलीत मी कपडे वाळत टाकले, की संध्याकाळी सगळ्यांच्या घड्या घालून तयार. पहिल्यांदा मला रागच आला. माझी अंतर्वस्त्रंसुद्धा चौकोनी करून ठेवलेली! मी खाली जाऊन जरा घुश्शातच म्हटलं, "मावशी, राहू द्या ना, मी घातल्या असत्या." त्या म्हणाल्या, "तू घातल्या नसत्यास. तू खुर्चीवर ढीग केला असतास. हातांना सवय आहे गं, त्यांना गप्प बसवत नाही." खुर्चीवरचा ढीग त्यांनी कधी पाहिला कोण जाणे, पण खोटं नव्हतं.

हातांना ती सवय पॅराशूटने लावली होती. हे मला कळलं ते आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. मुलांसाठी कुणीतरी गोष्ट सांगायची होती. ज्या बाई सांगणार होत्या त्यांची ट्रेन रद्द झाली, म्हणून मावशींना उभं केलं. आता त्या गणपतीची गोष्ट सांगतील म्हणून आम्ही निवांत मागे बसलो, तर यांनी सुरू केलं मिठाचं मैदान.

अमेरिकेत म्हणे एक मोठं सरोवर होतं, ते आटलं आणि खाली राहिलं मीठ. नजर जाईल तिथवर पांढरं आणि सपाट, मोदकाच्या पिठीसारखं. हिवाळ्यात त्यावर पाणी चढतं, उन्हाळ्यात सुकतं, की मैदान पुन्हा कोरं होतं. आधी लोक समुद्राच्या वाळूवर गाड्या पळवायचे, पण तिथे भरतीची वाट बघायची, ओल्या वाळूत चाक रुतायचं. मग कुणाला तरी हे मीठ सापडलं. माणसं विमानाची इंजिनं घालून गाड्या पळवायला लागली, पुढे तर जेट आणि रॉकेट. मिठावर एक काळी रेघ मारायची आणि तिच्या बाजूने सुटायचं. आजूबाजूला झाड नाही, घर नाही, त्यामुळे आपण पळतोय की उभे आहोत हेच कळत नाही. आणि मोठा विक्रम हवा तर एकदा पळून भागत नाही. तासाच्या आत उलट पळून यावं लागतं. त्या एका तासात गाडी थंड करायची, चाकं तपासायची, पेट्रोल भरायचं, आणि थांबण्यासाठी मागे जे पॅराशूट उघडतं ते पुन्हा घडी घालून कोंबायचं. "ते काम माझं होतं," मावशी म्हणाल्या. "मी रांगोळीच्या बायकांसारखी मिठावर उकिडवी बसून घडी घालायचे."

पोरं चक्क गप्प बसली होती. माझा धाकटा हात वर करून म्हणाला, "उंड वेअर हाट गेवॉनन?" कोण जिंकलं ते सांगा. आमच्या पोरांना मराठी सगळं कळतं, तोंडातून मात्र जर्मनच निघतं.

"कोणी नाही," मावशी म्हणाल्या. "आम्ही एकाच बाजूने पळलो." आणि एकदम खाली बसल्या. मग घाईघाईने आरती घेतली.

डीटरकाका म्हणजे त्यांचे यजमान. गाड्यांच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. तरुणपणी चिंचवडला मशिनं बसवायला आले होते. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात मावशी. पुढचं सांगायला नको. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, डोळ्यांमुळे लायसन्स स्वतःहून परत केलेलं. मिठावर एवढ्या वेगाने गाडी पळवलेला माणूस सातशे तीन नंबरच्या बसची वाट बघत काठी टेकून उभा राहायचा. मराठी त्यांना जेमतेम दहा-बारा शब्दांपुरतं यायचं, पण एक शब्द पक्का होता. घरातून निघताना "येतो." लग्नानंतर पहिल्या आठवड्यात ते "जातो" म्हणून निघाले होते, तेव्हा मावशींनी दार अडवून धरलं होतं. "जातो म्हणायचं नाही. येतो म्हणायचं. मगच पाऊल बाहेर." काकांनी जर्मन पद्धतीने तो नियम समजून घेतला आणि पाळला. कचरा टाकायला निघाले तरी "येतो." मी जिन्यातून ऐकायचे आणि माझी दिवसभराची चिडचिड जरा उतरायची.

मिठाचं पुढचं मला कळायला एक खिचडी कारण झाली.

मार्चमध्ये मावशींना फ्लू झाला. ताप उतरेना. माझा होम ऑफिसचा दिवस होता, म्हणून दुपारी मी खाली जाऊन दोघांसाठी मुगाची खिचडी टाकली. मिठाचा डबा रिकामा. शोधता शोधता वरच्या फळीवर, मागे, एक काचेची बरणी मिळाली, जाड मिठाची. म्हटलं खडेमीठ असेल, मावशी जुन्या वळणाच्या, ठेवत असतील. दोन चमचे घातले. काका स्वयंपाकघरात येऊन बसले, चार घास खाल्ले आणि त्यांची नजर ओट्यावरच्या बरणीवर गेली. चमचा हातातच राहिला.

"हे घातलंस?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "का? काय झालं?"

ते मीठ मैदानावरचं होतं. काकांनी त्या दिवशी बुटाच्या टाचेने खणून आणलेलं. सव्वीस-सत्तावीस वर्षं बरणीत होतं आणि मी बयेने ते मुगाच्या खिचडीत घातलं! मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण काका हसायला लागले. खांदे हलवत, आवाज न करता हसत राहिले. "रॉल्फ असता तर गडबडा लोळला असता," ते म्हणाले, आणि लगेच तोंड मिटलं. पुढ्यातलं ताट त्यांनी खाली मान घालून संपवलं.

मी मावशींना भरवायला आत गेले तर त्या उठून बसलेल्या. ताप होता, पण डोळे लख्ख उघडे. "काय म्हणाला तो? रॉल्फचं नाव घेतलं?"

"हो. कोण रॉल्फ?"

"दार लोटून घे," त्या म्हणाल्या.

रॉल्फ हा काकांचा जोडीदार. एकाच कारखान्यात, एकाच बाकावर. दोघांनी मिळून एका शेतकऱ्याच्या गोठ्यात बारा वर्षं खपून ती गाडी बांधली. इंजिन लहान, त्या गटातला विक्रम हवा होता. लांबट, बारीक, शेवग्याच्या शेंगेसारखी गाडी; आत माणूस आडवा झोपतो आणि त्याला फक्त पुढचं दिसतं. सगळ्या सुट्ट्या, सगळी बचत त्यात गेली. मावशींनी पॅराशूट बांधायची तालीम इथे जिन्याखालच्या पॅसेजमध्ये केली, गळ्यात घड्याळ घालून. एकवीस मिनिटांवर हात बसला होता.

"पहिली धाव सुंदर झाली गं. विक्रमापेक्षा कितीतरी वर. निघताना आडवा झाल्या झाल्या डीटरने मान वळवून मला म्हटलं होतं, येतो. मग पलीकडच्या टोकाला आम्ही पोचलो. रॉल्फ पुढच्या चाकाला लागला, मी मागे घडी घालायला बसले. एकोणीस मिनिटांत बांधून झालं. माझ्या जन्मात तेवढं भराभर कधी झालं नव्हतं. रॉल्फचा एक नट अडकला होता, पण तोही सुटला. अजून अर्धा तास हातात होता. डीटर पुन्हा आत शिरला. पट्टे आवळले. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. त्याने वरचं झाकण ओढून घेतलं."

मी खिचडीचा चमचा धरून बसलेले.

"येतो म्हणाला नाही."

"विसरले असतील, मावशी."

"विसरलाच! त्याच्या डोळ्यांत दुसरं काहीच नव्हतं गं, नुसती ती काळी रेघ. मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले की मीठ मऊ होतं, चाकांची खूण वाकडी दिसत होती. होती थोडी वाकडी. पण खरं सांगू? मी ते त्या शब्दासाठी केलं. मागे गेले आणि बांधलेलं पॅराशूट उलगडलं. सगळं. आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला बसले, हळूहळू. रॉल्फने बघितलं. दहा पावलांवर उभा होता, काळजीने बघत होता. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. तो गुडघ्यावर बसला आणि तोच नट पुन्हा ढिला करून आवळायला लागला."

तास संपला. अधिकाऱ्याने हात आडवे केले. काका झाकण उघडून बाहेर आले ते ओरडतच, कोणामुळे, कोणामुळे? आणि रॉल्फ म्हणाला, माझ्यामुळे. नट.

"आणि तुम्ही?"

"मी कापड पोटाशी धरून उभी होते. म्हटलं विमानात सांगेन. मग म्हटलं घरी गेल्यावर. दोघांचं बोलणं तुटलं, बाक वेगळे झाले, तरी मी आपली उद्या सांगेन, उद्या सांगेन. पुढच्या वर्षी पाऊस झाला, मैदान ओलं, शर्यत रद्द. त्याच्या पुढच्या वर्षी पैसा नव्हता. आता तर म्हणे मीठच पातळ झालंय, खालून चिखल वर येतो. मीठसुद्धा थकलं गं. आणि तो रॉल्फ चार गावं पलीकडे एकटा राहतो. बायको गेली त्याची, तेव्हासुद्धा डीटर गेला नाही." त्यांनी गळ्यातलं घड्याळ मुठीत धरलं. "मला आता हे सांभाळायचा कंटाळा आलाय. भीती वगैरे नाही. नुसता कंटाळा."

मी उष्टा वाडगा उचलून वर आले. समीरने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मीठ जास्त पडलं."

ताप उतरल्यावर चौथ्या दिवशी मावशींनी काकांना सांगितलं. मी तिथे नव्हते, पण इथल्या घरांच्या भिंती काही फार जाड नसतात. काकांचा आवाज आला, एका शब्दासाठी? एका शब्दासाठी? असं तीन-चार वेळा. मग बाल्कनीचं दार आपटलं.

आमच्याकडे गोष्टीत अशा वेळी म्हातारा म्हणतो की मला सगळं माहीत होतं, आणि बायकोच्या केसांवरून हात फिरवतो. डीटरकाकांना काहीही माहीत नव्हतं. ते रागावले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस जितका रागावू शकतो तितके. नऊ दिवस त्यांनी मावशींशी एक शब्द काढला नाही. जेवण बाल्कनीत, कोट घालून. आणि बाहेर निघायचे ते दार ओढून घेऊन, मुकाट. येतो नाही, काही नाही. मावशी प्रत्येक वेळी दाराच्या आत उभ्या असायच्या. त्या नऊ दिवसांत तळघरातले माझे कपडे दोरीवर तसेच राहिले, आणि मला ते बघवेना. मी एकदा खाली डोकावले तेव्हा म्हणाल्या, "रागावू दे. इतकी वर्षं दुसऱ्याच माणसावर रागावला होता. आता निदान पत्ता बरोबर आहे."

"पण तुम्ही जेवलात का?"

"भूक नाही. तू जा, तुझा कॉल असेल."

दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, काका आमच्या दारात. दाढी केलेली, चांगला कोट. समीरला म्हणाले, वेळ आहे का, मला एका ठिकाणी जायचंय, बस तिथवर जात नाही. पत्ता कागदावर लिहून आणला होता. समीरने किल्ली उचलली. त्या आठवड्यात केअरवोखं माझी होती, म्हणून मी जिन्यातच होते झाडू घेऊन. मावशी आपल्या दारात आल्या. काका एकेक पायरी उतरत त्यांच्यासमोर पोचले आणि थांबले.

"मी तुझ्यावर रागावलेलो आहे," ते जर्मनमध्ये म्हणाले. "ते काही आज संपणार नाही."

"हो," मावशी म्हणाल्या.

काका कठड्याला धरून पुढे निघाले. दोन पायऱ्या उतरले, तिसऱ्या पायरीवर उभे राहिले, आणि मागे न बघता, जिन्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "येतो."

खालचं दार लागलं. मावशींचा हात आपोआप घड्याळावर गेला, कट् करून बटण दाबलं गेलं, आणि त्या खाली पायरीवर बसल्या. मीही झाडू ठेवून शेजारी बसले. त्या मधूनमधून घड्याळ बघत होत्या. पंचवीस मिनिटं जायला, पंचवीस यायला, मध्ये दहा, असा हिशेब असावा. मी दोनदा चहा विचारला, दोनदा नको म्हणाल्या.

समीरचा फोन आला तेव्हा मी स्पीकर लावला. तो दबक्या आवाजात बोलत होता. "अगं, दार उघडलं तर एक उंच म्हातारा. काकांकडे बघितलं, मग आपल्या मनगटाकडे बघितलं आणि म्हणाला, उशीर केलास. बस, एवढंच. मग दोघंही दारातच उभे राहून रडायला लागले. मी कुठे बघू तेच कळेना. आता मागे गॅरेजमध्ये बसलेत, स्टुलांवर. लवकर निघायचं लक्षण नाही. मावशींना विचार, आठवण करून देऊ का?"

मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला. "समीर, अजिबात नको. घाई करू नकोस त्यांना. तू गाडीत झोप काढ जरा."

त्याच उन्हाळ्यात काका-मावशी दोघं हॅम्बुर्गला त्यांच्या मुलीजवळ, वृद्धांसाठीच्या घरात राहायला गेली. सामान नेणाऱ्यांची गडबड, फर्निचर, खोकी, त्यात निरोपसुद्धा धड घेता आला नाही. फोन असतो दिवाळीला. काका अजून अधूनमधून रागावतात म्हणे, रॉल्फ महिन्यातून एकदा फोन करतो तेव्हा दोघं मिळून मावशींवर रागावतात. पण मला मावशी आठवतात त्या शनिवारच्याच. मी म्हटलं, "मावशी, तास होऊन गेला." त्यांनी नाडी मानेवरून काढली, घड्याळ चालू असतानाच पायरीवर उपडं ठेवलं आणि माझ्या हातातला झाडू घेतला.

"सरक," त्या म्हणाल्या. "वरून खाली झाडायचं असतं, किती वेळा सांगितलं तुला."